ट्रकच्या इंजिनास डिझेल कमी दाबाने मिळत असल्यास

डहाणू-पालघरकडील चिकू व भाजीपाला घेऊन पश्चिम द्रुतगती महामार्गाने निघालेला ट्रक जोगेश्वरीच्या रहदारीत बंद पडला, तर बाजाराची वेळ टळते आणि नाशवंत मालाचे मोल घटते. भरलेली गाडी चढावर ओढेनाशी होणे, इंजिन झटके देऊन बंद पडणे व लवकर सुरू न होणे, ही डिझेलचा दाब कमी झाल्याची लक्षणे असू शकतात.

फीड पंप टाकीतील डिझेल ओढून फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे पोचवितो. म्हणून महागड्या इंजेक्शन पंपास दोष देण्यापूर्वी टाकीपासून क्रमाने तपासणी करावी.

१. टाकीत पुरेसे डिझेल आहे का ते पाहावे. झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर झाकणाचे वायुछिद्र बुजले आहे असे समजून ते साफ करावे.

२. फिल्टरमधील पाणी व गाळ काढावा. तुंबलेला फिल्टर बदलावा.

३. जुन्या धर्तीच्या इंजिनात, इंजिन बंद ठेवून, फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व फीड पंपाची मूठ हाताने चालवावी. बुडबुडे थांबतच नसतील, तर टाकीकडील नळीत किंवा जोडात हवा शिरत आहे. बुडबुडे नसून धार बारीक असेल, तर नळी तुंबली आहे अथवा फीड पंप दुबळा झाला आहे.

कॉमन रेल इंजिनात दाब १,००० बारच्याही वर, म्हणजे ट्रकच्या टायरमधील हवेच्या शंभरपटीहून अधिक, जातो. इंजिन चालू असता तेथील नळी सैल केल्यास डिझेलची धार कातडीत घुसते. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वीच ही तपासणी वाहनमालकांस समजावून द्यावी.