एकाच कळेवर दोन लिप्या

मुंबईच्या एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर डहाणू-तलासरीकडच्या घरात येतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात काय काय टाकायचं? उत्तरही ठरलेलं. ओळखीतला कुणीतरी पेन ड्राइव्हवर चोरीची सॉफ्टवेअर्स घेऊन येतो. फुकटात रीतसर मिळत असताना चोरी कशाला, हे मला कधीच कळलेलं नाही.

मशीन दहाएक वर्षांचं असेल तर विंडोज ११ चा नाद सोडावा, ते अशा प्रोसेसरला सहसा स्वीकारतच नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती मात्र २ जीबी रॅमवरही उठते. ४ जीबी असेल तर उत्तम. पेन ड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून बघता येते, हार्ड डिस्कला हात न लावता. अर्ज-हिशेबाला लिब्रेऑफिस, इंटरनेटला फायरफॉक्स, गाणी-सिनेमाला व्हीएलसी. नेट रखडतं अशा पाड्यावर किविक्स जरूर टाका: मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की नंतर तो नेटशिवाय वाचता येतो.

पण या सगळ्याहून भारी गोष्ट वेगळी टाकावीच लागत नाही, ती सेटिंगमध्ये नुसती चालू करायची असते. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक! १९८६ मध्ये सरकारने तो प्रमाण ठरवला. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. ‘तलासरी’ लिहून बघा: एल, एन, ई, एम, जे, आर. सहा कळा, शिफ्ट एकदाही नाही. दोन व्यंजनं उजव्या हाताने, काना डाव्याने. पुन्हा दोन उजव्याने, वेलांटी डाव्याने. बोटं आपोआप ताल धरतात.

आता भाषा बदलून गुजराती करा आणि त्याच सहा कळा त्याच क्रमाने दाबा. पडद्यावर गुजरातीत तलासरी! गुजरात सीमेवरचा अच्छाडचा नाका ओलांडला की दुकानांच्या पाट्या बदलतात, बोटांना मात्र काहीच नवं शिकावं लागत नाही. आपल्या लिप्यांची वर्णमाला एकच आहे, म्हणून हे जमलं.

ही शिस्त कळफलकाच्या खालीही उतरली आहे. कॉम्प्युटर अक्षर ओळखतो ते आकड्याने. युनिकोडमध्ये देवनागरी ‘क’ चा आकडा २३२५, गुजराती ‘क’ चा २७०९. फरक ३८४. ‘ळ’ घ्या: २३५५ आणि २७३९. फरक पुन्हा ३८४! इस्की या भारतीय संकेतप्रणालीने आपल्या लिप्या एका क्रमात बसवल्या होत्या, युनिकोडने तोच क्रम उचलला. सीमेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं आत कुठेतरी समांतर रांगांत उभी आहेत, आणि हे आपल्याला कुणी शाळेत सांगितलं नाही.

युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट मात्र वेगळी चलाखी करत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे नाहीतर चिन्हांचे आकडे ठेवायचे आणि वर चित्र मराठीचं काढायचं. तो फॉन्ट गेला की ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची खिचडी उरते. मजकूर गेलेला नसतो; फॉन्टचं नाव माहीत असेल तर रूपांतरकाने तो परत मिळतो.

तेव्हा एक विनंती. स्वतःचाच जुना कॉम्प्युटर नव्याने लावत असाल, तर डिस्क पुसण्याआधी जुन्या मराठी फाइली वेगळ्या काढा, कोणता फॉन्ट वापरलाय ते लिहून ठेवा आणि त्या युनिकोडमध्ये करून घ्या. लिनक्स आणखी दोन दिवसांनी घातलं तरी चालेल.