उलटणारे दुखणे : मूत्राशयाचा कर्करोग



आपल्या परभणीकडे चैत्र सरून वैशाख लागला की लघवीला जळजळ होणे ही घरोघरची तक्रार होऊन बसते. 'उन्हाळी लागली' असे आपण म्हणतो, धन्याजिऱ्याचे पाणी पितो आणि कामाला लागतो. बहुधा तेवढ्याने भागतेही. परंतु मुळीच न दुखता लघवीतून रक्त गेले, तर तिला उन्हाळी समजून सोडून देऊ नये. त्याचे कारण कधी खडा असतो, कधी जंतुसंसर्ग. पण कधी मूत्राशयाचा कर्करोगही असतो. हे रक्त दोन दिवसांत आपोआप थांबते आणि माणूस निश्चिंत होतो. आजच्या विषयाचे मर्म या निश्चिंतीत आहे. कारण शस्त्रक्रिया झाल्यावरही हीच निश्चिंती रोग्याचा घात करते.

मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. तिला आतून पातळ अस्तर असते. कर्करोगाचा उगम या अस्तरात होतो. सुमारे चारांपैकी तीन रोग्यांत तो प्रथम आढळतो तेव्हा स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात. पोट फाडावे लागत नाही. स्नायूत शिरलेल्या रोगाचा विचार निराळा. त्यात बहुधा मूत्राशयच काढावे लागते किंवा किरणोपचार व औषधे द्यावी लागतात. आज आपण पहिल्या प्रकाराविषयी बोलू, कारण उलटण्याची खोड त्याला विशेष आहे.

तो उलटतो का? आपल्या काळ्या जमिनीतील हरळी आठवा. ती एकदा खणून काढली म्हणजे शेत मोकळे झाले, असे कोणी शेतकरी मानीत नाही. एखादी काशी खोल राहून जाते, तुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात. मूत्राशयातही असेच घडते. गाठीचा अंश मागे राहू शकतो. खरवडताना सुटलेल्या पेशी दुसऱ्या जागी चिकटू शकतात. आणि तिसरे कारण असे की, ज्या विषारी द्रव्यांनी एका जागी गाठ उठविली त्यांनी सबंध अस्तरच बिघडविलेले असते.

कोणाचा रोग उलटण्याचा संभव अधिक, हे पुष्कळ अंशी सांगता येते. यासाठी युरोपातील अडीच हजारांहून अधिक रोग्यांच्या माहितीवरून २००६ साली एक गणित मांडले गेले. त्यात सहा गोष्टी पाहतात : गाठी किती होत्या, सर्वांत मोठी गाठ तीन सेंटिमीटरची किंवा त्याहून मोठी होती काय, रोग पूर्वी उलटला होता काय, आणि किती लवकर, तो अस्तरापुरताच होता की त्याखालच्या थरात उतरला होता, पेशी सौम्य होत्या की उग्र, आणि गाठीखेरीज अस्तरावर सपाट पसरणारा उग्र कर्करोग होता काय. या गणितानुसार सर्वांत सौम्य गटात वर्षभरात शंभरांतील सुमारे १५ जणांचा रोग उलटला, तर सर्वांत वाईट गटात ६१ जणांचा. आजच्या उपचारांनी हे आकडे खाली येऊ शकतात. तथापि गटागटांतील अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा तपासणी अहवाल घरात जपून ठेवावा आणि 'आमचा गट कोणता?' असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

या सहा गोष्टी आपल्या हातच्या नाहीत. हातच्या गोष्टींत पहिली बिडी-सिगारेट. तंबाखूच्या धुरातील विषे रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळतात आणि लघवीबरोबर ती मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. गाठ काढल्यावरही जे धूम्रपान चालू ठेवतात, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळते. 'आता सोडून काय उपयोग?' हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे.

दुसरी गोष्ट, उपचार पुरा करणे. रोग खालच्या थरात उतरला असेल, किंवा काढलेल्या तुकड्यात स्नायूचा भागच आला नसेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा खरवडावे लागते. पहिल्या वेळी चूक झाली असा त्याचा अर्थ नव्हे. खोल राहिलेली काशी शोधण्याचा तो मार्ग आहे. अधिक धोक्याच्या रोग्यांना बी.सी.जी. देतात. होय, तान्ह्या मुलाच्या दंडावर क्षयासाठी टोचतात तीच लस! तिचा मूत्राशयासाठीचा उपयोग १९७६ साली कॅनडातील मोरालेस यांनी प्रसिद्ध केला. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती या कामासाठीही तयार होते. लस नळीने मूत्राशयात सोडली की तेथील प्रतिकारशक्ती जागी होऊन रोगट पेशींवर तुटून पडते. आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रा, आणि पुढे ठराविक अंतराने एक ते तीन वर्षे, असा तिचा क्रम असतो. जळजळ होते, कणकण येते, म्हणून पुष्कळजण मध्येच सोडतात. ताप जास्त चढला तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. पण किरकोळ त्रासासाठी आपल्या मनाने क्रम मोडू नये.

तिसरी गोष्ट, दुर्बिणीची तपासणी. पहिली तिसऱ्या महिन्यात करतात, आणि तीत काय दिसते यावरून पुढचे पुष्कळसे कळते. सौम्य गटाला त्यानंतर नऊ महिन्यांनी व पुढे दरसाल. उग्र गटाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरसाल ती करावी लागते.

इथेच आपल्याकडचा माणूस अडतो. जिंतूर-गंगाखेडहून छत्रपती संभाजीनगरचे कर्करोग रुग्णालय गाठावयाचे, किंवा रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला टाटा रुग्णालयात जावयाचे, म्हणजे मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. रक्त थांबलेले, अंगात ताकद आलेली. मग कापूस वेचणीच्या दिवसांत ही खेप टळते, आणि टळली ती टळलीच. लहानशी असताना सहज निघाली असती ती गाठ अशा वेळी स्नायूत उतरू शकते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करावी. पण तारीख सांभाळण्याचे काम योजना करीत नाही. ते घरातल्या माणसांनी करावयाचे आहे.

शेत हिरवेगार दिसते तेव्हाही शेतकरी पाळी घालतो; हरळी वर येण्याची वाट पाहत नाही. ज्यांच्या घरी हे दुखणे येऊन गेले आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात पुढच्या तपासणीची तारीख पाहावी. ती लिहिलेली नसेल, तर आजच लिहावी.