वृकमानवाची भीती आणि प्रेक्षकांचे हसू

लंडनमधील एका खोलीत एक धिप्पाड पण चिंतेने खचलेला गृहस्थ दूरध्वनीवर बोलत आहे. तारेच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, सामानाची ने-आण पाहणारा एक गुबगुबीत, भित्रा कारकून आहे. तुमच्याकडे आलेल्या पेट्या मी येईपर्यंत कोणाच्याही हवाली करू नका, असे हा गृहस्थ काकुळतीने सांगत असतो. इतक्यात पौर्णिमेचा चंद्र वर येतो. बोलणाऱ्याच्या अंगावर केस उगवतात, चेहरा पालटतो आणि शब्दांच्या जागी गुरगुर ऐकू येऊ लागते. इकडे कारकुनाची समजूत होते की, या गृहस्थाने आपला कुत्राच दूरध्वनीपाशी आणून बसवला आहे. त्याला जरा दूर न्या, म्हणून तो तक्रार करतो. चित्रपटगृहात एकच हशा पिकतो.

हा प्रसंग 1948 सालच्या ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ या अमेरिकन चित्रपटातील आहे. एकाच तारेच्या एका टोकाला भय आहे आणि दुसऱ्या टोकाला हास्य आहे. माणसाचा लांडगा होतो, या कल्पनेवर आजवर जे अनेक चित्रपट निघाले, त्यांतील उत्तम चित्रपटांनी या दोन भावना एकत्र कशा नांदवल्या, याचे मर्म या साध्या प्रसंगात सापडते.

भय आणि हास्य यांचे मुळात वैर आहे, असे आपल्या साहित्यशास्त्राने मानले आहे. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस म्हणून सांगितले आहेत. भ्यालेला माणूस हसत नाही आणि हसणाऱ्याला भीती वाटत नाही, हा तर नित्याचा अनुभव होय. परंतु विरोधी रस काव्यात येऊच नयेत, असे मात्र शास्त्रकारांनी म्हटलेले नाही. नवव्या शतकातील काश्मिरी आचार्य आनंदवर्धन यांनी ‘ध्वन्यालोका’त या विरोधाच्या परिहाराचे उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा की, दोन विरोधी रसांचे आश्रय निरनिराळे ठेवावेत. म्हणजे जो भावना भोगतो तो एक आणि तिच्या विरोधी भावनेचा धनी दुसरा, अशी योजना करावी. दुसरा उपाय असा की, ते रस लागोपाठ येत असतील तर त्यांच्यामध्ये तिसरा, उभयतांशी जुळणारा रस घालावा. हॉलिवुडच्या पटकथाकारांपुढे हा ग्रंथ असण्याचे कारण नाही; परंतु अनुभवाने त्यांना जी वाट सापडली, ती हीच आहे.

वृकमानव ही युरोपातील फार जुनी कल्पना आहे. रोमन कवी ओव्हिड याने लायकेऑन राजाची कथा सांगितली आहे. त्याच्या पापाबद्दल देवाने त्याला लांडगा केले. पुढे ही कल्पना केवळ कथेपुरती राहिली नाही. 1589 साली जर्मनीतील बेडबुर्ग येथे पेटर श्टुम्प नावाच्या माणसाला वृकमानव ठरवून हालहाल करून ठार मारण्यात आले. ज्या कल्पनेपायी माणसांचे प्राण गेले, तिच्यात हसण्यासारखे काही असेल असे प्रथमदर्शनी वाटत नाही.

चित्रपटाने या कल्पनेला जे रूप दिले, ते मुख्यतः 1941 सालच्या ‘द वुल्फ मॅन’ने. दिग्दर्शक जॉर्ज वॅग्नर, लेखक कर्ट सिओडमाक. सिओडमाक हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले ज्यू लेखक होते. सुखाने राहणारा माणूस एका रात्रीत दुसऱ्यांच्या दृष्टीने जनावर ठरतो, ही गोष्ट त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्यांचा नायक लॅरी टॅलबट हा पापी नाही. लांडग्याच्या तावडीतून एका तरुणीला सोडवायला तो धावतो, त्या झटापटीत त्याला चावा बसतो आणि त्या चाव्याबरोबर शाप अंगात शिरतो. परोपकाराचे फळ म्हणून तो खुनी होतो. अखेर त्याच्या हातून सुटत नाही, ती त्याच्या पित्याच्या हातून सुटका होते. चांदीच्या मुठीच्या काठीने पिता लांडग्याला मारतो आणि पाहतो तो पायाशी आपला मुलगा पडलेला.

ड्रॅक्युलासारखा रक्तपिपासू सरदार आपल्या दुष्टपणात रमतो. टॅलबट मात्र सकाळी उठून रात्री आपल्या हातून काय घडले, या विचाराने थरकापतो. लॉन चेनी धाकटे यांनी ही भूमिका अशा व्याकुळतेने वठवली की, प्रेक्षकांना राक्षसाचे भय वाटण्याबरोबर राक्षसाची कीवही वाटू लागली. वृकमानवाच्या चित्रपटाचे खरे भांडवल ही कीव आहे. ती जपली तर त्याच्याभोवती कितीही हसू पिकवता येते. ती गमावली तर भय आणि हास्य दोन्ही फुकट जातात.

1948 च्या विनोदी चित्रपटात नेमके हेच सांभाळले गेले. टॅलबटची भूमिका तेथेही चेनी यांनीच केली, आणि ती पूर्वीच्याच गांभीर्याने केली. दिग्दर्शक चार्ल्स बार्टन यांनी त्यांना एकदाही विदूषक होऊ दिले नाही. विनोदाचा सगळा भार ॲबट आणि कॉस्टेलो या जोडीवर आहे. एका प्रसंगी कॉस्टेलो टॅलबटच्या खोलीत निर्धास्तपणे वावरतो आणि त्याच्या पाठीशी वृकमानव पुन्हा पुन्हा झेप घेऊ पाहतो. कॉस्टेलोला त्याचा पत्ताही नसतो. येथे हास्य कॉस्टेलोच्या अज्ञानाचे आहे, भय वृकमानवाच्या नखांचे आहे. आश्रय वेगळे, म्हणून विरोध नाही. वृकमानवानेच तेथे माकडचेष्टा केल्या असत्या तर त्याच्या झेपेला अर्थ उरला नसता आणि कॉस्टेलोच्या बेफिकिरीलाही कोणी हसले नसते.

पुढचे पाऊल 1981 साली जॉन लँडिस यांनी ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ या चित्रपटात टाकले. ही पटकथा त्यांनी 1969 साली, युगोस्लाव्हियात एका चित्रपटाच्या पथकात काम करीत असताना लिहिली होती. तिला बरीच वर्षे धनी मिळाला नाही. विनोदी म्हणावी तर फार भीतिदायक आणि भयपट म्हणावा तर फार हसवणारी, असा भांडवल पुरवणाऱ्यांचा आक्षेप होता. लँडिस यांचे इतर विनोदी चित्रपट यशस्वी झाल्यावरच ती पडद्यावर आली. शास्त्रकारांनी सांगितलेले रसांचे वैर व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही.

डेव्हिड आणि जॅक हे दोन अमेरिकन तरुण इंग्लंडच्या ओसाड माळरानावर भटकत असताना लांडगा त्यांच्यावर हल्ला करतो. जॅक मरतो, डेव्हिड जखमी होऊन लंडनच्या रुग्णालयात शुद्धीवर येतो. तेथे एके सकाळी मेलेला जॅक त्याच्या खाटेपाशी हजर होतो. त्याचा गळा फाटलेला आहे, मांस लोंबत आहे. आणि त्याचे लक्ष मात्र डेव्हिडच्या न्याहारीतील भाजलेल्या पावाकडे आहे. तो आपल्या अंत्यविधीची हकिकत गावगप्पांच्या सुरात सांगतो. मग त्याच सुरात तो सांगतो की, तू पुढच्या पौर्णिमेला लांडगा होशील. तू मेल्याखेरीज माझीही सुटका नाही. प्रत्येक भेटीत त्याचे शरीर अधिकाधिक सडत जाते आणि त्याचा मित्रपणा मात्र तसाच राहतो. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली आहे, येथे बीभत्स आहे ते जॅकच्या देहात, आणि हसू आहे ते त्याच्या बोलण्यात.

या चित्रपटातील रूपांतराचा प्रसंग तंत्रदृष्ट्याही गाजला. 1941 साली रंगभूषाकार जॅक पिअर्स याकचे केस टप्प्याटप्प्याने चिकटवीत आणि प्रत्येक टप्प्याचे चित्र पुढच्यात विरघळत जाई. नटाला त्यासाठी निश्चल बसावे लागे. रिक बेकर यांनी 1981 साली ही सावलीची ओढणी दूर केली. खोलीत लख्ख उजेड आहे. डेव्हिडचा हात डोळ्यांदेखत लांबतो, पाठीचा कणा वर येतो, जबडा पुढे सरकतो. हे सर्व रबरी अवयव होते आणि ते आतल्या यंत्रणेने हलत. केस वाढताना दाखवण्यासाठी रबरी त्वचेतून ते आत ओढून घेत चित्रण केले आणि ती फीत उलटी दाखवली. रंगभूषेसाठी दरवर्षी दिले जाणारे ऑस्कर पारितोषिक 1982 साली सुरू झाले, ते प्रथम याच कामाला मिळाले. आनंदवर्धनांच्या भाषेत बोलायचे तर हास्य आणि भयानक यांच्यामध्ये येथे अद्भुत रस येऊन बसला आहे. प्रेक्षक क्षणभर केवळ थक्क होतो, आणि थक्क झालेल्या मनाला हसण्यातून भयाकडे जाताना ठेच लागत नाही.

या वेळी पार्श्वभूमीला सॅम कुक यांच्या मृदू आवाजात चंद्रावरचे एक जुने प्रेमगीत चालू असते. प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की, त्या आवाजाला या माणसाच्या किंकाळ्यांशी काही देणेघेणे नाही. एखाद्या घरात कोणी तडफडत असावे आणि शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा, तसे ते आहे. विनोदाने वेदना हलकी झाली नाही. ती एकाकी मात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हिड लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात विवस्त्र जागा होतो. रात्रीचे त्याला काही आठवत नाही. लज्जारक्षणासाठी तो एका मुलाचे फुगे पळवतो, मग एका स्त्रीचा कोट अंगावर चढवून बसच्या रांगेत उभा राहतो. प्रेक्षक मनसोक्त हसतात. पण या माणसाने रात्री सहा जणांचे बळी घेतले आहेत, हे त्यांनी नुकतेच पाहिले आहे. काही वेळाने टॅक्सीचालकाच्या सहज बोलण्यातून ते डेव्हिडलाही कळते. आपण पकडले जावे म्हणून तो ट्रॅफल्गार चौकात राणीला आणि शेक्सपिअरला शिव्या देत सुटतो, आणि पोलीस त्याला पकडत नाहीत. गुन्हेगार अटकेची भीक मागतो आणि कायदा ती नाकारतो, हे दृश्य हास्यास्पद आहे. मात्र आता ते हसू घशात अडकते.

यानंतर तो रस्त्यावरच्या दूरध्वनीच्या खोक्यात शिरतो आणि अमेरिकेला घरी बोलतो. आईवडील घरी नाहीत. धाकटी बहीण बोलते. माझे तुम्हा सर्वांवर प्रेम आहे, एवढे आईबाबांना सांग, असे तो पुन्हा पुन्हा तिला विनवतो. तिला यातले काही उमगत नाही. दूरध्वनी ठेवल्यावर तो मनगटावर चाकू टेकवतो. पण तेवढे धैर्य त्याला होत नाही.

1948 चा दूरध्वनी आणि 1981 चा दूरध्वनी यांत मांडणीचा फरक जवळजवळ नाही. लंडनमध्ये एक शापित माणूस, समुद्रापलीकडे त्याचे बोलणे न समजणारे दुसरे कोणी. पहिल्या वेळी चित्रपटकर्त्याने प्रेक्षकाला न समजणाऱ्याच्या बाजूला बसवले, म्हणून हशा झाला. दुसऱ्या वेळी त्याला शापिताच्या बाजूला बसवले, म्हणून चित्रपटगृह शांत झाले. विनोद आणि भय यांतील अंतर पुष्कळदा एवढेच असते: प्रेक्षक तारेच्या कोणत्या टोकाला आहे.

त्याच वर्षी आलेल्या जो डान्टे यांच्या ‘द हाउलिंग’मध्ये हीच गोष्ट दूरचित्रवाणीच्या साहाय्याने सांगितली आहे. वृत्तनिवेदिका स्वतः कॅमेऱ्यासमोर लांडगीण होते, जगाला सावध करण्यासाठी. आणि घरोघरचे प्रेक्षक ती कॅमेऱ्याची करामत समजतात. पुढे 1985 सालच्या ‘टीन वुल्फ’मध्ये मायकेल जे. फॉक्स यांचा शाळकरी नायक लांडगा झाल्यामुळे बास्केटबॉल सामने गाजवतो. चित्रपट प्रसन्न आहे. परंतु शापच वरदान ठरल्यावर भयाला जागा उरत नाही, आणि उरतो तो निव्वळ हास्यरस. उलट मुंबईत 1992 साली महेश भट्ट यांनी ‘जुनून’मध्ये पौर्णिमेला वाघ होणारा नायक दाखवला, तेव्हा शाप घेतला आणि हसू गाळले. 2022 सालच्या ‘भेडिया’त अमर कौशिक यांनी अरुणाचलच्या जंगलात रस्ता बांधायला गेलेल्या तरुणाला लांडगा केले आणि विनोद त्याच्या भांबावलेल्या मित्रांकडे सोपवला. कॉस्टेलोचीच जागा त्यांनी घेतली, असे म्हणता येईल.

अंगावर अकस्मात केस उगवणे, कपडे फाटणे, शुद्ध हरपणे, सकाळी भलत्याच ठिकाणी जागे होणे या गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला नेहमीच थोड्या हास्यास्पद दिसतात. फेफरे आलेल्या, व्यसनात बुडालेल्या किंवा भ्रमिष्ट झालेल्या माणसाला पाहून रस्त्यावरचे लोक हसतात, तेव्हा तेही तारेच्या दूरच्या टोकालाच उभे असतात. चांगला वृकमानवपट प्रेक्षकाला प्रथम तेथे उभे करून मोकळेपणी हसू देतो. मग तो त्याला तार धरून पलीकडे नेतो. डेव्हिडला अखेर एका अरुंद गल्लीत पोलिसांच्या गोळ्या लागतात. त्याच्यावर प्रेम करणारी परिचारिका लांडग्यासमोर उभी राहून त्याला ते प्रेम बोलून दाखवते; क्षणभर लांडग्याच्या डोळ्यांत ओळख उमटल्यासारखी वाटते, आणि गोळ्या सुटतात. जमिनीवर लांडगा नसतो, एक विवस्त्र तरुण असतो. लगेच पडदा काळा होतो आणि तेच चंद्राचे गीत उडत्या चालीवर सुरू होते. या वेळी मात्र प्रेक्षकांतून हसू येत नाही.