रंगांची ओळख आणि अंगणवाडीचा वेळ

तक्त्यावर छडी ठेवून ‘लाल, पिवळा, निळा’ असे मुलांकडून घोकून घेतले की रंगांचे शिक्षण झाले, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः ते केवळ शब्दांचे पाठांतर होय. रंग हा वस्तूचा गुण आहे. तीन वर्षांच्या मुलाला तो वस्तूपासून वेगळा जाणवावा, यासाठी आकार, पोत सारे सारखे ठेवून रंग तेवढा बदलावा लागतो. अर्थशास्त्रात आम्ही ‘इतर परिस्थिती कायम असता’ म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. माँटेसरीबाईंच्या रंगपट्ट्यांमागील तत्त्व हेच. मूल आधी जोड्या जुळविते, मग नाव ऐकून रंग दाखविते आणि अखेर स्वतः नाव सांगते. आपण अखेरच्या पायरीपासून आरंभ करतो आणि मूल अडखळले की त्याला मंद ठरवितो.

वाशीम जिल्ह्यात या क्रमाला विशेष महत्त्व आहे. मानोऱ्याकडील तांड्यांवर अनेक मुलांची घरची बोली गोरमाटी असते. जोडी जुळविण्यास भाषा लागत नाही. प्रमाण मराठीतील शब्द ठाऊक नसलेले मूलही तेथे अज्ञानी ठरत नाही.

साहित्य महाग, ही सबबही टिकणारी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा शंख-शिंपले, बिया आणि पाने हीच साधने केली. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानातील चिंध्या एका मापाने कापल्या की रंगपट्ट्या तयार होतात. फाल्गुनात पळसाची फुले आहेत. एरवी कोवळी व पिकली पाने आहेत. तूर-सोयाबीनचे दाणे मात्र लहानग्यांच्या हाती मोकळे देऊ नयेत; ते नाकाकानात जातात.

तुटवडा आहे तो सेविकेच्या वेळेचा. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूरक आहार व लसीकरण यांच्या जोडीने पूर्वप्राथमिक शिक्षण हाही तिचा भाग आहे. परंतु वजनाचा आकडा मांडता येतो, वाटलेल्या आहाराचा मांडता येतो. खेळाचा मांडता येत नाही. ज्याची नोंद नाही त्याची विचारणा नाही, आणि ज्याची विचारणा नाही ते मागे पडते.

जेम्स हेकमन या नोबेल-विजेत्या अर्थशास्त्रज्ञाने वंचित बालकांच्या पहिल्या वर्षांतील गुंतवणूक सर्वाधिक फलदायी असल्याचे प्रतिपादन केले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेतला आहे. तेव्हा आपली मागणी नव्या महागड्या संचांची नसावी. रोजचा एक तास नोंदींतून मुक्त करून सेविकेस मुलांसमवेत जमिनीवर बसू द्यावे, एवढीच असावी. अंदाजपत्रकात या तासाला स्वतंत्र शीर्ष लागणार नाही. परंतु तो न दिल्याची किंमत पुढे पहिलीच्या वर्गात, त्या मुलालाच मोजावी लागते.