संगणकाचे सॉफ्टवेअर : त्याचे प्रकार व शेतकऱ्यास उपयोग

मोडनिंब व आसपासच्या गावांतील शेतकरी सातबाऱ्याचा उतारा घेण्यास गेला म्हणजे ‘आज सॉफ्टवेअर चालत नाही’ असे उत्तर त्यास कधीकधी मिळते, व तो मुकाट्याने परत फिरतो. त्या एका कागदावाचून पीककर्ज वा नुकसानभरपाई अडून राहते. सबब हे सॉफ्टवेअर म्हणजे काय व त्याचे प्रकार कोणते, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

पडदा, कळफलक, छपाईयंत्र ही संगणकाची हातास लागणारी अंगे होत. त्यांजकडून काम करून घेण्यासाठी ज्या क्रमवार आज्ञा लिहिलेल्या असतात, त्यांस सॉफ्टवेअर म्हणतात. चावडीत कपाट, दौत व लेखणी असून गाव नमुने कसे भरावे याचा नियमच नसेल, तर दप्तर तयार व्हावयाचे नाही. तद्वतच हे समजावे.

पहिला प्रकार यंत्रणा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. यांतील मुख्य ती ऑपरेटिंग सिस्टीम. संगणकांवर विंडोज किंवा लिनक्स, व बहुतेक मोबाइलांवर अँड्रॉइड असते. कचेरीतील अव्वल कारकुनाप्रमाणे कोणते काम केव्हा घ्यावे व कोणता कागद कोठे ठेवावा, हे ती ठरविते. छपाईयंत्रासारख्या प्रत्येक उपकरणाशी बोलण्यास ड्रायव्हर नावाचा निराळा दुभाषी लागतो.

दुसरा प्रकार प्रत्यक्ष कामाच्या सॉफ्टवेअरचा. अर्ज लिहिण्याचे एक, तर हिशेबाचे दुसरे. हिशेबाच्या तक्त्यांत डाळिंबाच्या बागेवरील खत, औषधे, मजुरी व गाडीभाडे मांडावे. एक रकम बदलताच बेरीज आपोआप बदलते. नोंदी साठवून हव्या त्या शोधून देणारे सॉफ्टवेअर तिसरे. गट नंबर सांगताच खातेदाराचे नाव निघते, ते त्याच्याच योगाने. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी याच वर्गांतील होय. तींत शेतकरी स्वतः गट, पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन नोंदवून शेतांतूनच पिकाचे छायाचित्र घेतो.

तिसरा प्रकार रखवालीचा. घातक आज्ञा हुडकून काढणारे, नोंदींची दुसरी प्रत राखणारे व साठवणुकीची जागा मोकळी करणारे सॉफ्टवेअर यांत येते. पेव भरल्यावर धान्यास कीड न लागावी म्हणून जी काळजी आपण घेतो, तीच ही.

चौथा प्रकार सॉफ्टवेअर घडविण्याच्या साधनांचा. माणसाने संगणकभाषेत लिहिलेल्या आज्ञा कंपायलर हा यंत्रास कळतील अशा रूपांत आणतो. हे काम कारागिराचे. शेतकऱ्यास त्याशी क्वचितच प्रयोजन पडते.

आता ही ओळख उपयोगी कशी पडते, ते पाहा. उतारा पडद्यावर दिसतो पण कागदावर उतरत नाही, तर दोष बहुधा छपाईयंत्राचा वा त्याच्या दुभाष्याचा; दुसऱ्या केंद्रावर काम होईल. उताराच उघडत नाही, तर जेथे राज्याच्या नोंदी साठविल्या आहेत तो दूरचा संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, किंवा वाटेतील इंटरनेट अडले असेल. अशा वेळी मोबाइल बदलून लाभ नाही, थांबणेच प्राप्त. म्हणूनच पीक पाहणी मुदतीच्या शेवटच्या दिवसावर टाकू नये.

परंतु उतारा नीट निघाला व त्यांत नाव किंवा क्षेत्र चुकलेले आढळले, तर तो दोष सहसा सॉफ्टवेअरचा नव्हे. जुन्या हस्तलिखित दप्तरावरून जे भरले, तेच यंत्र दाखविते. अशा लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये होते. पूर्वीचा हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफाराची नक्कल जोडून तहसील कचेरीत अर्ज करावा व पोच अवश्य घ्यावी. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांजकडे आधी चौकशी केल्यास फेरफाराचा नंबर मिळणे सोपे जाते.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आहे. ती सही उतारा अभिलेखाप्रमाणे असल्याची साक्ष देते. अभिलेखांतील नोंद बरोबर आहे की नाही, हे ज्याची जमीन त्यानेच वाचून पाहिले पाहिजे. याकरिता प्रत्येक खातेदाराने वर्षातून एकदा तरी आपला सातबारा व आठ-अ काढून नाव, गट, क्षेत्र, बोजा व पीक ही पाच कलमे ताडून पाहावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.