जर्मन मानाची शस्त्रे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुनी जर्मन तलवार विकायला निघाली की तिच्यासोबत एखादी शौर्यकथाही येते. त्या कथेचा पुरावा क्वचितच मिळतो. पात्यावरच्या खुणा मात्र समोर असतात आणि संग्राहकाने कथेपेक्षा त्याच नीट तपासाव्यात.

गैरसमज: जर्मन मानाची, म्हणजे गणवेशासोबत मिरवायची शस्त्रे नाझी काळातलीच.
वस्तुस्थिती: वुपर नदीकाठचे झोलिंगन शहर मध्ययुगापासून पाती घडवत आले आहे. शिकाऱ्याच्या पोशाखातली हिर्शफेंगर ही आखूड तलवार, सॅक्सनीतल्या खाणकामगारांची संचलनातली कुऱ्हाड, कैसरच्या म्हणजे जर्मन सम्राटाच्या नौदल अधिकाऱ्याची कट्यार हे सगळे हिटलरच्या आधीचे.

गैरसमज: कारागिराची ओळखीची खूण दिसली की शस्त्र अस्सल.
वस्तुस्थिती: धावत्या लांडग्याची खूण मुळात पासाऊ या जर्मन शहराची. झोलिंगनच्या कारागिरांनी ती उचलली आणि पुढे इतरांनीही तिची नक्कल केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर कारखान्यांत उरलेले सुटे भाग जोडून कट्यारी विकल्या गेल्या. म्हणून पाते, मूठ आणि म्यान यांची झीज एकमेकांशी जुळते का, हे आधी पाहावे.

गैरसमज: पात्यावर घासल्याच्या रेघा असतील तर माल खराब.
वस्तुस्थिती: कधी कधी त्या रेघांतच इतिहास असतो. नाझींच्या एसए दलाच्या काही सुरुवातीच्या कट्यारींवर दलप्रमुख अर्न्स्ट र्‍योमच्या नावाने मैत्रीचा मजकूर कोरलेला होता. 1934 मध्ये हिटलरने त्याला ठार करवले आणि तो मजकूर काढून टाकण्याचा हुकूम निघाला. अनेकांनी तो घासून पुसला. पात्याच्या एकाच बाजूला दिसणाऱ्या त्या ओरखड्यांत एका राजवटीने आपल्याच माणसाचे नाव कसे मिटवले, हे दिसते. पुढे नकली माल करणाऱ्यांनी घासलेल्या पात्यांवर तोच मजकूर पुन्हा कोरला.

गैरसमज: पात्यावरची खाच रक्त वाहून जाण्यासाठी असते.
वस्तुस्थिती: खाचेमुळे पात्याचे वजन घटते आणि ताठरपणा टिकतो. रक्ताशी तिचा संबंध नाही.

गैरसमज: पाते लखलखीत केले की किंमत वाढते.
वस्तुस्थिती: पॉलिशने मूळ झिलई, अक्षरे आणि खुणा जातात आणि त्या परत आणता येत नाहीत. पात्याला बोटांचा घाम लागू देऊ नये, तेलाचा पातळ हात द्यावा. चामडी म्यानात ओल धरते, म्हणून पाते म्यानाबाहेर वेगळे ठेवावे. कोकणच्या पावसाळ्यात तर हे हवेच.

गैरसमज: या शस्त्रांचा आपल्याशी काय संबंध?
वस्तुस्थिती: मराठ्यांची फिरंग म्हणजे युरोपीय घडणीचे सरळ पाते आणि त्याला इथे चढवलेली मूठ. यातली बरीच पाती जर्मन होती. अशी तलवार घरात असेल तर आधी तिचे पाते उजेडात तपासा, घासू नका. शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.