भिंतीवरची आणि दगडाखालची

कुरुळीत पुणे-नाशिक महामार्गाकडेच्या एखाद्या शेडवर दिवा लागला, की थोड्या वेळाने पत्र्याच्या फटीतून पाल बाहेर सरकते. दिव्याजवळ जाते, पण उजेडाच्या कडेलाच थांबते. पाकोळ्या, चिलटं, पावसाळ्यात पंख फुटलेली वाळवी, सगळं आपण होऊन तिच्याकडे येतं. भिंतीत दिवसभराचं ऊन मुरलेलं असतं. स्वतःची ऊब नसलेल्या जिवाला तेही आयतंच.

ती भिंत धरते कशी? पायाला गोंद नाही की हवा शोषणारी वाटी नाही. बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात, पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. हे फाटे भिंतीला इतके बिलगतात की दोहोंच्या रेणूंमधली क्षीण ओढही पुरते. एका फाट्याची ओढ नगण्य, पण फाटे कोट्यवधी. हे व्हान डर वाल्स बल आहे, असं केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं. त्यांनी अभ्यासली ती मोठी टोके पाल. कोरड्या टेफ्लॉनवर मात्र हा पाय घसरतो. खरी गंमत सुटण्यात आहे: चिकटपट्टी सोलावी तशी पाल बोटाचं टोक आधी वर वळवते. पाऊल टाकताना दरवेळी हेच, आणि तेही पळता पळता.

आपल्या घरपाली हेमिडॅक्टिलस या वंशातल्या. याच वंशातल्या काहींना भिंतीशी कर्तव्य नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, एक छोटी पाल जमिनीवरच राहते. वरद गिरी आणि ॲरन बाउर यांनी 2008 मध्ये तिला हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस हे नाव दिलं. कोकणच्या सड्यांवरची, म्हणजे कातळी पठारांवरची, तिची नातेवाईक अल्बोफॅसिएटस 1963 पासून विज्ञानाला ठाऊक आहे.

उघड्या सड्यावर झाड नाही, आडोसा नाही. दिवसा कातळ पोळतो, तेव्हा ही जमिनीवरची पाल सुट्या दगडाखाली असते. तिथे सावली, थोडी ओल आणि शत्रूची नजर चुकवण्यापुरती फट. अंधार पडला की ती किडे टिपायला निघते आणि उजाडायच्या आत परत फटीत. म्हणून सडा नुसता शाबूत असून भागत नाही, त्यावरचे सुटे दगड जागेवर हवेत. पाहणाऱ्याने दगड उचललाच, तर पाल बाजूला होऊ द्यावी आणि मग तो पूर्वीच्याच खाचेत, पूर्वीच्याच बाजूने, हळू टेकवावा.